लाइन क्लिअर काका

धरणाखाली मासे धरायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत गळ असतो, दोरा असतो, शिसं असतं आणि श्रीखंडाच्या जुन्या डब्यात ओल्या मातीसकट गांडुळं असतात. आमच्या लाइन क्लिअर काकांच्या पिशवीत नारिंगी लाइफ जॅकेट असतं, शिट्टी असते, नायलॉनचा लांबलचक दोर असतो, लाल-पांढरे पट्टे मारलेली चार फुटी लाकडी पट्टी असते, दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डायरी असते, बॅटरी असते आणि त्या बॅटरीचे जादा सेल असतात. गांडुळांचा डबा मात्र बहुतेक वेळा घरीच, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीमागे राहून जातो. बदलापूर स्टेशन आलं की ते काकांच्या लक्षात येतं. त्याचं त्यांना काही वाटत नाही. शिट्टी विसरली असती तर मात्र ते पुढच्या लोकलने परत फिरले असते.

काका रेल्वेत स्टेशन मास्तर होते. जन्म ठाकुर्लीचा, तोही रेल्वेचाच म्हणायचा. वडील चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये कामाला, बालपण रेल्वेच्या चाळीत. जीआयपी रेल्वेने कोळसा जाळून लोकलसाठी वीज करायला उभारलेलं ते पॉवर हाऊस बंद पडून आता जमाना झाला. तिथे काय होतं हे नव्वद फुटी रोडवर फ्लॅट घेतलेल्या नव्या मंडळींना सांगूनही पटत नाही. पण काकांच्या कानात तो भोंगा अजून वाजतो. भोंगा झाला की वडील घराबाहेर, भोंगा झाला की वडील घरात. माणसाने शिस्तीत जगायचं असेल तर वरून कुणीतरी वेळेवर आवाज दिला पाहिजे, हे त्यांचं तत्त्वज्ञान तिथलं. आणि नदीवरचा त्यांचा राग त्याच मुळातून आलेला आहे. नदी आगाऊ आवाज देत नाही.

लाइन क्लिअर हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. काका रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतात, थांबतात, परत बघतात आणि ‘लाइन क्लिअर’ म्हणून मगच पाऊल टाकतात. एकदा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत प्लंबर उतरत होता, तर काकांनी पंपाच्या बटणावर ‘माणूस आत आहे’ अशी पाटी लावली, बटणाचा फ्यूज काढून खिशात घातला आणि प्लंबर वर येईपर्यंत खाली खुर्ची टाकून बसले. प्लंबर वर आला, पैसे घेऊन गेला. फ्यूज काकांच्या खिशातच राहिला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सोसायटी कोरड्या नळाखाली उभी राहिली. सुरक्षेला थोडी किंमत मोजावी लागते, एवढंच काका त्यावर म्हणाले.

अशा माणसाला मासे धरायचा नाद का लागावा, आणि लागलाच तर तो भर जुलैत, धरणाच्या खाली, पाणी चढलेलं असताना का लागावा, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलेलं नाही. ठाकुर्लीच्या मागेच खाडी आहे. तिथे कचोऱ्याच्या बाजूला गळ टाकून बसणारी माणसं आहेत. पण खाडीच्या पाण्यात कुठल्या कारखान्याचं काय सोडलेलं असतं ते मासा सांगत नाही, म्हणून खाडी बाद. काकांना लागतं बारवी.

बारवी म्हणजे बदलापूरच्या पलीकडचं, एमआयडीसीचं धरण. 1972 सालचं. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. डोंबिवलीच्या कारखान्यांपासून ठाणे, नवी मुंबईपर्यंत अर्धा जिल्हा त्याच्यावर तहान भागवतो. या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याने 72.60 मीटरची पातळी गाठली की ते आपले आपण उघडतात. कुणी बटण दाबत नाही, कुणी चावी फिरवत नाही. बाकीच्या जगाला ही सोय वाटते. काकांना हा उघड उघड नियमभंग वाटतो.

‘स्टेशन मास्तरशिवाय सिग्नल पडतो म्हणजे काय?’ ते लोकलमध्ये मला विचारतात. आजूबाजूचे चार जण माझ्याकडे बघतात, जणू दरवाजे मी बसवले. ‘भातसाचं बघ. तिथे माणूस ठरवतो, अमुक वाजता अमुक दरवाजे इतके इतके वर. फोन जातात, सापगावच्या पुलाकडे माणसं सावध होतात. इथे धरण स्वतःच ठरवणार! बरं, धरणाला घड्याळ आहे का?’

ही तक्रार तशी पूर्ण खरी नाही. बारवी भरत आलं की खालच्या चांदप, पिंपळोली, सागाव, रहाटोली अशा गावांना आधीच इशारे जातात, पेपरातही येतं. पण इशारा म्हणजे ‘भरत आलंय, जपा’. नेमकी वेळ त्यात नसते, आणि वेळेशिवायचं काहीही काकांच्या मते टाइमटेबल नव्हे.

म्हणून त्यांनी स्वतःची व्यवस्था उभी केली. रेल्वेत एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचं स्टेशन ‘लाइन क्लिअर’ देईपर्यंत मागच्याने गाडी सोडायची नाही. नदीलाही काकांनी ब्लॉक पाडले. धरणाजवळचा चहाचा टपरीवाला म्हणजे पहिलं स्टेशन. मधल्या वाडीवरचा किराणा दुकानदार म्हणजे दुसरं. आणि आम्ही जिथे बसतो ते, नदीला रस्ता चिकटतो तिथलं वळण, म्हणजे तिसरं. खाली पाण्याजवळ मोबाइलला रेंज नाही, ती वर रस्त्यावर आहे. त्यामुळे काका वर रस्त्यावर, खुर्ची नसल्याने मैलाच्या दगडावर बसतात आणि गळ धरायला कुणीतरी दुसरा लागतो. तो दुसरा म्हणजे मी. मासेमारी काकांची, काठी माझ्या हातात. आमचा हा करार कधी झाला ते आठवत नाही.

फोनवरचं संभाषण ऐकण्यासारखं असतं.

‘हॅलो, बारवी? तिसरं स्टेशन बोलतोय.’

‘बोला काका.’

‘पाणी?’

‘हाय तसंच.’

‘नीट बघून सांगतोयस की भजी तळता तळता?’

‘भजी संपली. बघूनच सांगतोय.’

‘प्रायव्हेट नंबर?’

रेल्वेत गेटमन आणि स्टेशन मास्तर फोनवर बोलले की खात्रीसाठी एकमेकांना एक दोन आकडी नंबर देतात आणि दोघंही तो लिहून ठेवतात, म्हणजे उद्या कुणी ‘मी बोललोच नाही’ म्हणायला नको. छापील कागदावरचा एक नंबर वापरला की खोडायचा. काकांनी टपरीवाल्याला स्वतःच्या अक्षरात असा एक कागद करून दिला आहे. तो कागद पहिल्याच पावसात कांदाभजीखाली गेला. तेव्हापासून टपरीवाला मनाला येईल तो आकडा सांगतो, आणि काहीच सुचलं नाही तर काकांची चहाची उधारी सांगतो. काका दोन्ही श्रद्धेने लिहून घेतात.

काकांचं दुसरं वेड क्युसेकचं. पेपरात ‘दहा हजार क्युसेक विसर्ग’ असं वाचून आपण पान उलटतो. काका उलटत नाहीत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर आणि वर थोडं, म्हणजे आंघोळीची दीड बादली. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख 83 हजार लिटर. ‘आपल्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे 28 टँकर. मिनिटाला नाही, दर सेकंदाला. आणि तू मध्ये उभा राहून म्हणणार, पाणी फक्त गुडघ्यापर्यंत आहे!’ मग पुढचा हिशेब. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे सकाळी ज्या गुडघाभर पाण्यातून माणूस शीळ घालत गेला, त्याच गुडघाभर पाण्यात दुपारी त्याचे पाय उचलले जातात. खोली तीच, खडक तोच. हे ते विठ्ठलवाडी ते अंबरनाथ या पट्ट्यात समजावतात, कारण तेवढ्यात दारातली गर्दी बदलत नाही आणि ऐकणारा सुटून जाऊ शकत नाही.

त्यांच्याकडे दाखल्यांचा तुटवडा नाही. 8 जून 2014, हिमाचल प्रदेश, बियास नदी. हैदराबादहून सहलीला आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी खडकांवर उतरून फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. तारीख सांगताना काकांचा आवाज उतरतो, चेष्टेचा एक शब्द चालत नाही. लगेच पुढे दुसरा दाखला: 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस. बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं, गाडी अडकली, आणि दुसऱ्या दिवशी बोटींतून सुमारे 1050 प्रवासी बाहेर काढावे लागले. सगळे वाचले. ‘महालक्ष्मीसारखी गाडी जिथे थांबते,’ काका माझ्या छातीवर बोट टेकवतात, ‘तिथे तू कोण?’ मी कुणीच नसतो. मी फक्त गळ धरलेला असतो.

आता नदीवर मासे मिळतात का, तर मिळतात. पहिल्या पावसात शेतं आणि ओहोळ भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात. त्या दोन-चार रात्री आगरी आणि आदिवासी पाड्यांवरची माणसं बॅटऱ्या, कंदील, पाग, टोपल्या, हाताला लागेल ते घेऊन बांधाबांधावर असतात. मळे, शिंगटी, खवली, एखादी वाम. नंतर महिना-दीड महिना गढूळ पाण्यात गळाला शिंगटी लागत राहते. शिंगटी काढताना तिचा काटा बोटात घुसला तर रात्रभर ठणकतो. या काट्याची सूचनाही काकांनी मला दिलेली आहे. पण तिचा उपयोग करायची वेळ माझ्यावर क्वचित येते, कारण गळाला काही लागतंय असं वाटायला लागलं की वरून शिट्टी होते.

एक लांब शिट्टी म्हणजे सावधान. दोन लांब म्हणजे उठा. तीन म्हणजे सामान टाकून वर या. पहिल्या शिट्टीला मी वर बघतो तर काका डायरी उंच धरून काहीतरी दाखवत असतात, जे मला तिथून वाचता येणं शक्य नाही. वर चढून विचारावं तर म्हणतात, ‘काही नाही, टपरीचा फोन लागत नाहीये.’ फोन लागत नाही म्हणजे धोका का? तर हो. सिग्नलची तार तुटली तर सिग्नल हिरवा होत नाही, लालच पडतो. यंत्र बिघडलं तर ते सुरक्षित बाजूला बिघडलं पाहिजे. टपरीवाला जेवायला गेला तरी आमची नदी लाल.

मुळात आम्ही कुठे बसायचं यावरच काकांचा अर्धा दिवस जातो. पाटबंधारेवाले नदीकाठाला दोन पूररेषा आखतात. 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. काकांची इच्छा अशी की माणसाने लाल रेषेबाहेर बसावं आणि गळ निळ्या रेषेच्या आत पडावा. एवढी लांब काठी बाजारात नाही, हे ते दादरला जाऊन स्वतः विचारून आलेले आहेत. मग तडजोड होते. बसायचं रस्त्याच्या बाजूच्याच काठावर, पलीकडे जायचं नाही. नदीच्या मधल्या खडकावर तर पाय ठेवायचा नाही. पाठीमागची वर जायची वाट आधी एकदा चढून बघायची, आणि ती शेवाळलेली नको. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, जिथे वरून पडलेलं पाणी गोल फिरून परत मागे येतं, तिथे मासा कितीही दिसला तरी जायचं नाही. तिथे पडलेलं लाकूडसुद्धा तासन् तास त्याच जागी गिरक्या घेत राहतं, बाहेर येत नाही. आकाशात गडगडलं की ग्राफाइटची काठी हातातून खाली ठेवायची. काकांच्या मोबाइलमध्ये पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. वीज कुठे पडली ते त्यावर दिसतं. आणि बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे ती लाल-पांढरी पट्टी पाण्याच्या कडेला दोन दगडांत खोचायची. प्रत्येक पट्टा चार बोटांचा. दर दहा मिनिटांनी मी खालून ओरडायचं, ‘तिसरा पांढरा!’ आणि काकांनी वरून लिहायचं.

गेल्या वर्षीचा एक रविवार सांगतो. बदलापुरात ऊन नाही, पाऊसही नाही, नुसता ओला उजेड. नदी भरलेली पण अंगावर येणारी नाही. आमच्या वळणावर, ऐन मधल्या खडकावर, पाच-सहा पोरं बसलेली. डोंबिवलीची असावीत, कारण भांडणात ‘अरे यार, फास्ट पकडली असती तर’ असा सूर होता. नवेकोरे फोल्डिंग रॉड, वेफर्सची पाकिटं, एक ब्लूटूथ स्पीकर आणि काळ्या पिशवीत काहीतरी थंड. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत ती खडकावर गेली होती. काठावर ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड होता. त्यावर त्यांनी शर्ट वाळत घातले होते.

आमच्यापासून जरा खाली एक आजोबा पाग टाकत होते. जवळच्याच गावातले, डोक्याला टॉवेल, कंबरेला लहानशी टोपली, टोपलीत हलणारं काहीतरी. त्यांनी पाग ओढला, झटकला, आणि पुन्हा टाकण्याऐवजी घडी घालून खांद्यावर घेतला. मी विचारलं, ‘झालं आजोबा?’ म्हणाले, ‘पान्याला वास आयला.’ आणि वर निघून गेले. मला तर ओल्या कुत्र्याशिवाय कसलाच वास येत नव्हता. काकांनी वरून ते पाहिलं. आजोबा शेजारून जाताना काका उठून उभे राहिले, पूर्वी मोठे साहेब इन्स्पेक्शनला आल्यावर राहत असतील तसे.

मग मी पट्टीकडे पाहिलं. तिसरा पांढरा दिसत नव्हता. काठाला अडकलेला काडीकचरा, थर्माकोलच्या प्लेटा, कुजलेली पानं, हे सगळं सुटून हळूच मधोमध सरकायला लागलं होतं. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. आणि आवाज बदलला होता. लहान दगडांवरून जाणारं पाणी खळखळतं. दगड बुडाले की खळखळ थांबते आणि खालच्या पट्टीतला एक घोंघाट सुरू होतो. आवाज वाढल्यासारखा नाही, उलट शांत झाल्यासारखं वाटतं. मी बेसावध असतो तर म्हटलं असतं, वा, नदी ओसरली.

दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली. मी काठी, डबा, सगळं टाकून वर. काका पोरांकडे बघून ओरडत होते, ‘ए मुलांनो! पाणी सुटलंय! पातळी 72.60 झालेली आहे! बाहेर या!’

पोरांनी हात हलवले. एकाने स्पीकर बंद करून विचारलं, ‘काय साठ?’

‘72.60 मीटर! समुद्रसपाटीपासून!’

‘समुद्र इथे कुठे, काका?’ हशा झाला. स्पीकर पुन्हा सुरू.

काकांनी क्युसेक सांगितले. बादल्या सांगितल्या. टँकर सांगितले. 2014 सांगितलं. महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगितली. आवाज नदीत विरघळत होता, तरी माणूस सांगतच होता. नोकरीत असताना ते कधी फलाटावरच्या गर्दीला असं विनवत नसतील. तेव्हा हातात सिग्नल होता. एका पोराने चक्क गळ पुन्हा आत टाकला.

मग काका थांबले. डायरी बंद केली, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि सगळी नियमावली गुंडाळून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, धडधडीत खोटं बोलले.

‘पोलीस!’

काय पळाली पोरं! पावसाळ्यात धरणं, धबधबे, नदीकाठ इथे बंदीचे आदेश निघतात, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. काळी पिशवी छातीशी, रॉड काखेत, शर्ट बोर्डावरून ओढून, सगळी एका दमात काठावर. येताना पाणी घोट्याचं राहिलं नव्हतं. मांडीला लागत होतं. दोघं धडपडले, एकाला उंच पोराने बखोटीला धरून ओढलं. शेवटच्याच्या पायातली एक निळी चप्पल निसटली, जरा वेळ जागच्या जागी फिरली आणि खाली निघून गेली. पाठोपाठ वेफर्सचं पाकीट.

पोलीस नव्हतेच. पोरं भडकली. ‘काय काका, मस्करी करता? कुठे आहे पाणी? खडक तर तसाच आहे!’

खडक खरंच तसाच होता. संध्याकाळपर्यंत तो बुडला नाही. त्याचा माथा बशीसारखा कोरडा दिसत राहिला. काकांनी त्यांना खडक दाखवलाच नाही. खडक आणि काठ यांच्यामधलं पाणी दाखवलं. पाच मिनिटांपूर्वी जिथून बाहेर आले तिथे आता गढूळ पाण्याचा एक जाड, फुगीर पट्टा वेगाने चालला होता आणि त्यातून अख्खी बाभळीची फांदी उभ्या उभ्या गेली.

‘खडक बुडत नाही रे,’ काका म्हणाले, ‘वाट बुडते. मग माणूस खडकावर बसून रात्र काढतो, किंवा काढत नाही.’

पोरं गप्प झाली. फार वेळ नाही. चप्पल गेलेल्याने विचारलं, ‘पण मग चपलेचं काय?’ काकांनी त्याला स्वतःच्या पिशवीतली जादा स्लिपर काढून दिली. पिशवीत जादा स्लिपर होती, याचं मला नवल वाटलं नाही. ती डाव्या पायाची होती आणि गेलेली उजव्या पायाची होती. पोरगा दोन्ही पायांत डावी घालून बदलापूर स्टेशनपर्यंत आला.

त्या दिवसापासून काकांचं बोलणं बदललं. पूर्वी ते दाखले बाहेरचे द्यायचे. आता त्यांच्याकडे स्वतःचा आकडा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, डोंबिवली फास्टच्या गर्दीत, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत ते सांगतात: ‘जीवितहानी शून्य. मालहानी एक चप्पल.’ डायरीत तशी नोंद आहे. खाली टपरीवाल्याचा प्रायव्हेट नंबर आहे, चौऱ्याऐंशी. ती उधारी होती हे मला माहीत आहे. खोटं बोलल्याची नोंद मात्र त्यांनी लाल शाईने वेगळ्या पानावर केली आहे आणि पुढे कारण लिहिलं आहे: ‘अन्य सिग्नल निकामी.’

त्याच रात्री ठाकुर्लीत पाणी आलं नाही. पुराच्या दिवसांत नदीचं पाणी इतकं गढूळ होतं की शुद्धीकरणाला झेपत नाही, आणि नदीकाठच्या पंप हाऊसमध्येच पाणी शिरलं तर पंप बंद ठेवावे लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी मोठ्या अभिमानाने टाकलं होतं, ‘बारवी पूर्ण भरले.’ त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा प्रश्न, ‘मग बादली का रिकामी?’ काकांनी त्यावर तीन परिच्छेद लिहिले. वहिनींनी अंगठा दाखवला. उभा की आडवा यावर अजून एकमत नाही.

काकूंचं या सगळ्याकडे शांतपणे लक्ष असतं. त्या अलिबागकडच्या, मासे खाण्यात आणि ओळखण्यात काकांच्या दहा पावलं पुढे. नवरा धरणाखालून काही घेऊन येईल ही आशा त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सोडली. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी, बाजारात ताजं म्हणून जे मिळतं ते बर्फातलं आणि सोन्याच्या भावाचं. त्यामुळे काका सकाळी पिशवी घेऊन निघाले की काकू माळ्यावरचा डबा काढतात. सुके बोंबील कापून, भाजून, गरम पाण्यात टाकून ठेवतात. संध्याकाळी काका भिजून, थकून, डायरी कोरडी ठेवून घरी येतात तेव्हा चिंचेच्या कोळातलं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी तयार असते. ‘आज काय मिळालं?’ असं त्या विचारत नाहीत. ‘आज किती क्युसेक?’ असं विचारतात. काका सांगतात. त्या ‘बाई गं!’ म्हणतात आणि दुसरी भाकरी वाढतात. एवढं सुखी जोडपं आमच्या इमारतीत दुसरं नाही.

ऑक्टोबर उजाडला. पाऊस गेला, नदी ओसरली, पाणी निवळून तळातले गोटे दिसायला लागले. बारवीचे दरवाजे मिटले. मी काकांना म्हटलं, ‘आता जाऊ या की. आता काही भीती नाही, निवांत खडकावर बसू, मासेही मिळतील.’

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना बंद स्टेशनवर तिकीट काढायला सांगतोय.

‘आता?’ ते म्हणाले. ‘आता तिथे करायचं काय?’

लाइफ जॅकेट वाळवून, घडी घालून, फिनेलच्या गोळ्यांसह माळ्यावर गेलं होतं. पट्टीला नवा रंग लावून ती पंख्याखाली वाळत होती. काकू आतून म्हणाल्या, ‘अहो, रिकामेच बसलायत तर जरा खाली जाऊन या. कोळीण आलीय. बांगडे बघा, डोळे लाल असले तर घेऊ नका.’

काका उठले, चपला घातल्या, आणि दारातून परत येऊन शिट्टी खिशात टाकली.